शोषखड्ड्याची जागा

बसवकिरण नगर, विजापूर रस्ता, सोलापूर
१८ जून २०२५

प्रिय विरेशअण्णा,

शरणु. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि राजेश्वरीवहिनी मध्ये बसून सांगतात ते तुला निम्मंच कळतं, म्हणून सविस्तर लिहितेय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला काम सांगू नये, पण हे काम बसल्या जागेवरून सल्ला देण्याचं आहे.

आमच्या गल्लीचा रस्ता नवीन झाला. जुना न उकरता त्याच्यावरच काँक्रीट ओतलं. त्यामुळे रस्ता हातभर वर गेला आणि आमचं घर खाली राहिलं. गेटमधून गाडी आत घेतो तो उतार तुला आठवत असेल. वळवाच्या पावसात रस्त्याचं सगळं पाणी त्या उतारानं पोर्चमध्ये आलं. तिथून ते कंपाउंडच्या भिंतीखालून शेजारच्या हेमावतीकडे जातं. हेमावती माझ्याच शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिनं राहत्या घरी बालवाडी काढली. तिची लेकरं परवा चपला हातात घेऊन वर्गात गेली. ती मला काही बोलली नाही, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता गेटपाशी शोषखड्डा करायचा असं मी ठरवलंय. कसला करायचा ते तू सांग. बिरप्पा नावाचे ठेकेदार आहेत, ते म्हणतात दगड-खडी भरलेला साधा खड्डा पुरे. आमचे जावई, सिद्धेश्वरीचे यजमान, पुण्याहून प्लास्टिकच्या जाळीदार खोक्यांची चित्रं पाठवतात, ती जमिनीत पुरायची म्हणे. कोपऱ्यावरच्यांनी सिमेंटच्या भोकं असलेल्या रिंगा घातल्यात. आणि एकजण म्हणाले, कशाला खर्च, तुमच्या बंद बोअरमध्ये पाइप सोडा.

यांना यातलं काहीच नको आहे. म्हणतात, चार पाऊस पडणार, तेवढ्यापुरता पंप लावू. खणायचंच तर घरामागं खणा, पुढं नको. पेव्हर ब्लॉक नवे बसवलेत, त्यांचा जीव त्यात अडकलाय. पण पाणी पुढं आणि खड्डा मागं, हे कसं जमायचं, तूच सांग.

वहिनींना शरणु.

तुझी,
श्रीदेवी


कुर्डुवाडी
२२ जून २०२५

प्रिय श्रीदेवी,

पत्र वाचून बरं वाटलं. दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतो, त्यांचा आवाजही आता येत नाही. रेल्वेच्या बांधकाम खात्यात उभा जन्म मोऱ्या आणि गटारं बांधली, त्याचा कुणाला उपयोग होतोय हे औषधापेक्षा बरं.

बोअरमध्ये पाणी सोडायचं डोक्यातून काढून टाक. गाडीचं तेल, रस्त्याची घाण थेट खालच्या पाण्यात जाईल. तेच पाणी शेजारीपाजारी पितात.

राहिले तीन प्रकार. खडी, रिंगा, खोकी. तिन्ही चालतात. खडीचा खड्डा स्वस्त, पण गाळानं लवकर भरतो. रिंगांमध्ये माणूस उतरून गाळ काढू शकतो. खोक्यांत पाणी जास्त मावतं, पण त्यांच्यावरून गाडी जाणार असेल तर दणकट माल पाहिजे. कुठलाही घे, त्याच्या आधी गाळ अडवायला एक छोटी टाकी पाहिजेच. आणि घराच्या पायापासून खड्डा जितका लांब ठेवता येईल तितका ठेव.

पण हे सगळं नंतर. आधी जमीन पाणी पिते का ते बघ. तुमच्या भागात वर काळी माती आहे. ती फुगते आणि पाणी धरून बसते. तिच्यात केलेला शोषखड्डा म्हणजे नुसतं डबकं. खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं. जिथं करायचाय तिथं कमरेएवढा खड्डा घे, पाण्यानं भर, ते जिरू दे. पुन्हा भर आणि पाणी किती वेळात उतरतं ते मला कळव. चांगल्या मुरमातसुद्धा ते हळूहळूच उतरतं, घाई करू नकोस.

सिद्धप्पांना म्हणावं, पेव्हर ब्लॉक काढून परत बसवता येतात. त्यांना दुखवू मात्र नकोस, त्यांच्या मनात काहीतरी कारण असेल.

तुझा,
विरेशअण्णा


सोलापूर
३० जून २०२५

प्रिय अण्णा,

तुझी परीक्षा आमची जमीन पहिल्या नंबरानं पास झाली. अगदी आनंदानं लिहितेय.

हे अक्कलकोटला नात्यातल्या लग्नाला गेले होते. तेवढ्यात मी बिरप्पांना बोलावून घेतलं. गेटच्या आत, गाडी उभी असते त्याच्या पुढच्या बाजूला, चार पेव्हर ब्लॉक काढून खड्डा घेतला. वर भरावाचा मुरूम आणि बांधकामाचा राडा लागला, काळी माती लागलीच नाही. तू सांगितलंस तसं पाणी ओतलं. दोन पिंपं ओतली तरी तळ ओला दिसेना. मग टाकीचा पाइप सोडला. मी आत भाकरी करून आले, तरी खड्डा भरलेला नव्हता. टाकी रिकामी झाली.

बिरप्पा म्हणाले, "अक्का, लई नशीबवान हाय तुमी. अशी पिणारी जमीन मी हितं कुटं बगितली न्हाय. रिंगा नगं, खोकी नगं, नुसती खडी टाकून मोकळं व्हऊ की."

हेमावतीलाही भिंतीवरून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं अक्का. माझी लेकरं तेवढी कोरडी राहतील."

हे परत आले ते खड्ड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. चहा पुढं केला तो घेतला नाही. मग म्हणाले, बुजवून टाक. मी म्हटलं, एवढी चांगली जागा लाभली आणि बुजवून काय टाकू. तर म्हणाले, तुला जे करायचं ते कर, आणि आत जाऊन झोपले. चार फरश्यांसाठी माणसानं एवढं रुसावं.

बिरप्पा शुक्रवारी खडी टाकणार आहेत. त्याआधी तुला काही सुचवायचं असेल तर कळव. खड्डा मोठा करायला माणसं त्याच सकाळी येतील.

तुझी,
श्रीदेवी


कुर्डुवाडी
३ जुलै २०२५, संध्याकाळ

श्रीदेवी,

तुझं पत्र दुपारी मिळालं. राजेश्वरी तेव्हापासून फोन लावतेय. तुझा बंद लागतोय, सिद्धप्पा उचलत नाहीत. शेजारचा नंदीश पहाटेच्या गाडीनं सोलापूरला कामावर जातो. हे पत्र तो तुझ्या हातात देईल.

हे वाचून झाल्याबरोबर गाडी तिथून काढायला सांग. हळू काढायची, आत फक्त चालवणारा. त्यानंतर त्या जागेवर कुणी पाऊल टाकायचं नाही. बिरप्पांच्या माणसांनाही गेटबाहेरच थांबव. खड्ड्यात आणखी पाणी ओतू नकोस.

जमीन कितीही चांगली असली तरी अशी पाणी पीत नाही. मी माळरानावरचा मुरूम बघितला, नदीकाठची वाळू बघितली. एक अख्खी टाकी कुठलीच जमीन अशी गिळत नाही. तुझ्या खड्ड्यातलं पाणी मुरलेलं नाही, श्रीदेवी. ते खाली कुठंतरी पडलंय. म्हणजे खाली पोकळी आहे. ती किती मोठी आणि तिच्यावर काय आहे, हे मला इथं बसून सांगता येत नाही.

मी चुकत असेन तर मला हस. पण आधी गाडी काढ.

विरेश


सोलापूर
५ जुलै २०२५

अण्णा,

आम्ही सगळे जिवंत आहोत. वहिनींना फोनवर एवढंच बोलता आलं. पुढचं बोलायला गेले की दातखीळ बसल्यासारखं होतं, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

काल सकाळी नंदीशनं पत्र दिलं. मी वाचलं आणि यांच्या हातात दिलं. मला वाटलं होतं, वाद घालतील. त्यांनी पत्र पुरतं वाचलंसुद्धा नाही. खुंटीवरची किल्ली घेतली, एक शब्द न बोलता गाडीत बसले आणि गाडी बाहेर रस्त्यावर नेऊन लावली. उतरल्यावर त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला होता. तुझ्या शब्दाला ते एवढा मान देतात हे मला माहीत नव्हतं.

बिरप्पांची माणसं आली, त्यांना मी गेटबाहेरच चहा दिला. बिरप्पा हसत होते. म्हणाले, "तुमचे अण्णा लई भित्रे हायत." तरी ते थांबले.

दुपारी मी खिडकीशी शेंगा फोडत बसले होते. आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी धान्याचं पोतं खांद्यावरून खाली टाकावं तेवढाच. मी वर बघितलं तर मधले पेव्हर ब्लॉक खाली निघाले होते. एक गेला, त्याच्या शेजारचा गेला, मग त्यांच्या बाजूचे, जसं कुणी खालून ओढून घेतंय. मग मधला सगळा भाग एकदम गेला. धूळ वर आली आणि तिच्यामागून गार हवा आली. भर दुपारी, अण्णा, माझ्या तोंडावर थंडगार हवा.

ती विहीर आहे. गोल, घडीव काळ्या दगडाची. तोंडावर लाकडाचे ओंडके टाकलेले, त्यावर फरश्या, त्यावर मुरूम. ओंडके कुजून भुसा झाले होते. बिरप्पांनी लांबून एक दगड टाकला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पाण्याचा आवाज आला तेव्हा ते म्हणाले, "माजी चार मान्सं हितंच हुबी राहनार व्हती."

माझ्या डोळ्यांपुढून एकच गोष्ट हलत नाही. सिद्धेश्वरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आपण तिथंच मांडव घातला होता. पंगती तिथं बसल्या. तू वाढत होतास. आई खुर्चीवर बसून बघत होती. नाचणारी पोरं होती. ते सगळे लोक त्या ओंडक्यांवर बसून जेवले. मी डोळे मिटले की तेवढी पंगत दिसते आणि मी उठून बसते.

हे कालपासून बोललेले नाहीत. जेवायला बसतात आणि तसेच उठतात.

श्रीदेवी


कुर्डुवाडी
८ जुलै २०२५

प्रिय श्रीदेवी,

तुझं पत्र राजेश्वरीनं दोनदा वाचलं, मी किती वेळा ते सांगत नाही. मी त्या पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन फिरत होतो.

आता जे करायचं ते नीट ऐक. विहिरीभोवती बांबू आणि पत्र्याचं कुंपण घाल, कडेपासून चांगलं लांब. कडेचे दगडही सुटलेले असतील. महापालिकेच्या कार्यालयात लेखी कळव. राडारोडा आणि कचरा आत टाकून बुजवू देऊ नकोस, तो वर्षावर्षाला खचत जातो. आधी मोठे दगड, मग खडी, मग मुरूम थराथरानं, प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा. कुणीतरी जाणकार समोर उभा पाहिजे.

काहीजण म्हणतील, आयती विहीर मिळाली, उताराचं पाणी हिच्यातच सोडा. सोडायचं नाही. बोअरबद्दल लिहिलं तेच कारण. शोषखड्डा आता गेटच्या बाहेरच्या अंगाला घ्यायचा. गेटच्या रुंदीची एक आडवी जाळी, तिच्याखाली नाली, नालीतून गाळाची टाकी, आणि तिथून रिंगांचा खड्डा. पाणी आत यायच्या आधीच अडवायचं. पण ही घाई नाही. आधी विहीर.

आणखी एक. तिथं पूर्वी शेत असणार. ते कुणाचं होतं ते शोध. विहीर बांधणाऱ्याला तिची खोली आणि झरे माहीत असतात, ते कळलं तर भरणं सोपं जाईल.

सिद्धप्पांना सांभाळ. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना तुझ्यापेक्षा मोठा धक्का बसलाय. काही पुरुषांना असं होतं. त्यांना एकटं सोडू नकोस, आणि काही विचारूही नकोस.

विरेशअण्णा


सोलापूर
१२ जुलै २०२५, शनिवार

अण्णा,

तू म्हणालास, विचारू नकोस. मी विचारलं नाही. विचारायची वेळच आली नाही.

वर्तमानपत्रात विहिरीचा फोटो आला होता. आज सकाळी मंद्रूपहून एक म्हातारी आली, केराबाई. बरोबर तिचा मुलगा भारत. ही सगळी जमीन तिच्या नवऱ्याची, मायाप्पांची होती. मेंढरं होती, थोडी ज्वारी. जमीन विकून ते मंद्रूपला गेले. मायाप्पा मागंच वारले.

तिनं कुंपणाबाहेरून वाकून आत बघितलं, दोन्ही हात जोडले. मग मला म्हणाली, "व्हय, हीच की. ही धाकली हीर. थोरलीला काय केलं तुमी?"

मला कळेना. मी म्हटलं, कुठली थोरली?

"दोन हिरी व्हत्या बाई. ही मेंढरांची. मोटंची थोरली, तिकडं." तिनं हात केला, तेवढ्यात हे दारात आले. म्हातारी त्यांच्याकडं निरखून बघायला लागली. मग ओळख पटल्यासारखी म्हणाली, "ह्ये सायेब तर आलते की आमच्याकडं. आमच्या मालकानं ह्यान्ला दोनी हिरी दावल्या व्हत्या. चुन्यानं गोल आखून. मी हितंच हुबी व्हते की."

मी यांच्याकडं बघितलं. ते भिंतीला हात लावून उभे होते. मी म्हटलं, ही काय म्हणतेय? ते म्हणाले, "प्लॉट पाडणाऱ्यानं शपथ घेऊन सांगितलं होतं, दोन्ही बुजवल्या म्हणून. मी मानलं. नंतर खोदून बघायचा धीर झाला नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू इथं राहिली असतीस का?"

अण्णा, गाडी त्यांनी तुझ्या शब्दासाठी काढली नव्हती. पत्राची पहिली ओळ वाचूनच त्यांना सगळं कळलं होतं. पुढं खणू नका म्हणत होते ते पेव्हर ब्लॉकसाठी नव्हतं. या माणसाच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपले. मुलीच्या लग्नाचा मांडव कुठं घालायचा हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि तेव्हाही हे काही बोलले नाहीत.

पण माझं राहू दे. पुढचं ऐक.

मी केराबाईला विचारलं, थोरली कुठं? ती कंपाउंडच्या भिंतीशी गेली, टाचा उंच करून पलीकडं बघितलं आणि बोट दाखवलं. हेमावतीचा मागचा व्हरांडा. पलीकडून मुलं पाढे म्हणत होती. दुपारी त्याच व्हरांड्यात ती डबे खायला बसतात.

हे म्हणाले, म्हातारीची आठवण, वर्षं किती गेली, नक्की काय ते कळल्याशिवाय हेमावतीला घाबरवू नको. तिचं सगळं त्या घरात आहे. मी ऐकलं नाही. तशीच अनवाणी गेले आणि तिला सांगितलं.

ती आधी हसली. मग तिला राग आला. म्हणाली, "अक्का, तुमच्या दारात विहीर निघाली म्हणून आता सगळ्या गल्लीत विहिरी दिसायला लागल्या का? हा व्हरांडा मी माझ्या डोळ्यांदेखत बांधून घेतलाय. एक तडा नाही. पालकांच्या कानावर हे गेलं तर सोमवारी एक मूल यायचं नाही." मी हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. कानडीत म्हणाली, "साकु अक्का." पुरे.

आज अर्धी शाळा होती, मुलं गेलीत. उद्या रविवार. सोमवारी ती परत त्या व्हरांड्यात बसतील. माझं हेमावती ऐकणार नाही, तिला वाटतं मी घाबरून वेडी झालेय. तू तिला लिही. तुझ्या पत्रामुळं आमच्याकडं माणसं वाचली हे तिला माहीत आहे. पत्र भारतच्या हाती देतेय, तो मोटरसायकलवर आजच कुर्डुवाडीला येतो म्हणाला. उत्तर घेऊनच परत निघेल.

श्रीदेवी


कुर्डुवाडी
१३ जुलै २०२५

श्रीमती हेमावतीबाई यांस,

सादर शरणु. आपली ओळख सिद्धेश्वरीच्या लग्नातली, तुम्हाला आठवणार नाही. मी श्रीदेवीचा थोरला भाऊ. रेल्वेत बांधकामावर होतो.

तुमच्या व्हरांड्याखाली विहीर आहे असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. पण नाही असंही मी म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणू शकत नाही. व्हरांडा पक्का आहे, तडा नाही, हे खरं असेल. श्रीदेवीच्या पोर्चलाही तडा नव्हता. तिथं रोज गाडी उभी असायची. ती जागा खचली ती वजनानं नाही, पाण्यानं. आणि त्यांच्या उताराचं पाणी भिंतीखालून तुमच्याकडं जातं, असं श्रीदेवीनं मला जूनमध्येच लिहिलं होतं. म्हणजे या पावसात तुमच्याही जमिनीत ते मुरतंय.

माझी एकच विनंती आहे. उद्या मुलांना दुसरीकडं बसवा. आणि व्हरांड्याची एक फरशी काढून खाली पहार घालून बघा. खाली घट्ट मुरूम लागला तर मी चुकलो असं तुम्ही चारचौघांत सांगा. मी स्वतः येऊन तुमची आणि पालकांची माफी मागेन, तेव्हा मला जिना उतरता येत असला-नसला तरी.

तुम्ही आयुष्यभर मुलं सांभाळलीत. मी पूल आणि मोऱ्या सांभाळल्या. आपल्या दोघांच्या कामात शंका आली की आधी माणसं बाजूला घेतात, मग तपासतात.

आपला,
विरेश


सोलापूर
२० जुलै २०२५

प्रिय अण्णा,

वहिनींना फोनवर निकाल सांगितला, म्हणजे तुला कळलाच असेल. तरी सगळं लिहिते.

तुझं पत्र रविवारी तिन्हीसांजेला हेमावतीला दिलं. तिनं दारातच उभं राहून वाचलं, घडी घातली आणि दार लावून घेतलं. मी रात्रभर तळमळत होते. सकाळी बघते तर ती मुलांची रांग घेऊन समोरच्या मठाकडं निघाली होती. मठाच्या सभागृहात सतरंज्या घालून तिनं त्यांना बसवलं. मदतनीस मायाक्काला त्यांच्यापाशी ठेवून ती परत आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बोलवा तुमच्या बिरप्पांना."

मुलं सोडायला आलेले काही पालक कुजबुजत थांबले होते. तेवढ्यात आमचं गेट वाजलं आणि हे बाहेर आले. मला वाटलं, तोंड लपवून बसतील. ते सरळ हेमावतीच्या अंगणात गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मायाप्पांनी मला दोन्ही विहिरी दाखवल्या होत्या. चुन्याचं वर्तुळ मी बघितलंय. ते इथं होतं." आणि व्हरांड्याच्या मधोमध बोट दाखवलं. एक बाप अंगावर धावून गेला, शर्टाची कॉलर धरली. यांनी हात वर केला नाही. दोघांनी त्याला मागं ओढलं.

बिरप्पांनी आपल्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माणसांनी कडुनिंबाला गुंडाळून धरलं. मधली फरशी काढली. खाली मुरूम. पहार घातली, ती हातभर गेली. आणखी एकदा घातली आणि ती त्यांच्या हातातून निसटली. नुसती निसटली, कशाला अडकली नाही. आम्ही सगळे ऐकत होतो. मग खालून पाण्याचा आवाज आला. त्या जागी भिंतीशी मुलांचे डबे ठेवायची फळी आहे, त्यावर एका पोराची पाण्याची बाटली राहिली होती.

थोरलीचा घेर धाकटीच्या दुप्पट निघाला. वर दगडी फरश्यांचे तुकडे आणि लाकडं, आमच्यासारखीच. व्हरांड्याची स्लॅब तेवढ्यावर टेकलेली. एका बाजूची माती पाण्यानं वाहून गेली होती. तुझं म्हणणं बरोबर होतं, ते आमच्याच उताराचं पाणी होतं.

महापालिकेचे अभियंते आले. गल्लीतल्या सगळ्या घरांची पाहणी चाललीय. प्लॉट पाडणारा केव्हाच वारला. दोन्ही विहिरी तू सांगितलंस तशाच थराथरानं भरतायत. केराबाई रोज येते, लांब बसून बघते. शोषखड्डा गेटबाहेर, रिंगांचा. गाळाची टाकी कालच बांधून झाली. तिथं खाली खराखुरा मुरूम लागला. बिरप्पांनी पाणी ओतलं आणि ते इतकं हळू उतरलं की हे आणि मी खुर्च्या टाकून बघत बसलो.

बालवाडी मठातच भरते. दोन मुलं कमी झालीत, बाकी सगळी येतात. हे रोज सकाळी जाऊन सतरंज्या घालून येतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. माझं आणि त्यांचं बोलणं भाजी काय आणू, औषध घेतलं का, एवढंच आहे. मी त्यांना सोडून तुझ्याकडं येईन असं वहिनींना वाटतं. तसं काही नाही. पण परवा ते म्हणाले, "तू काहीतरी बोल." मी म्हटलं, माझ्याजवळ अजून शब्द आलेले नाहीत. आले की बोलेन.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. ती फोनवर सांगितली नाही.

पहार पडली त्या सोमवारी, सगळे विहिरीभोवती असताना हेमावती दिसेना. मी मठात गेले. ती मुलांसमोर उभी राहून हजेरी घेत होती. कागद हातात नव्हता, सगळी नावं पाठ आहेत तिला. एकेक मूल हात वर करून "हजर" म्हणत होतं. शेवटचं नाव झालं. ती क्षणभर थांबली आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरू झाली. मुलांना आधी गंमत वाटली. तिसऱ्यांदा ती सुरू झाली तेव्हा मुलांचं हसणं थांबलं, पण प्रत्येकानं हात वर केला, प्रत्येकानं "हजर" म्हटलं. मायाक्का तोंडाला पदर लावून उभी होती. मी पुढं होऊन हेमावतीला थांबवणार होते. मग थांबवलं नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले आणि मीही ऐकत राहिले.

तुझी,
श्रीदेवी